आमचा मैलाचा दगड परत उभा करा

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मंगरूळपीरला माझं दुचाकीच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, बॅटरी, कॉईल, लाइट ही रोजची कामं. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर वेगळं गिऱ्हाईक यायला लागतं. वाशीम, मानोरा, रिसोड, कारंजा इकडची विशी-पंचविशीतली पोरं. कुणी लेहला निघालेला असतो, कुणी कन्याकुमारीला, कुणी नर्मदेच्या काठाकाठाने. गाडी सव्वाशे नाहीतर दीडशे सीसीची, बऱ्याचदा वडिलांच्या नावावर. गाडी स्टँडवर लावतात आणि विचारतात, "काका, हँडलवर काय काय बसवू?"

या प्रश्नाला मी गेली काही वर्षं उत्तर देतो आहे. उत्तर देता देता लक्षात आलं, की त्यातला अर्धा भाग माझ्या हातात नाही. मी हँडलवर जे बसवतो त्याचा उपयोग किती व्हायचा, हे रस्त्याच्या कडेला काय उभं आहे त्यावर ठरतं. रस्त्याची कडा आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. उघडं यासाठी लिहितो, की माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ते वाचावं.

आधी माझ्या बाजूचं सांगतो.

पोरं मोबाइलवर बघून यादी करूनच आलेली असतात. वाट दाखवणारं वेगळं यंत्र, हेल्मेटमध्ये ब्लूटूथ, छातीवर कॅमेरा, दोन फॉग लाइट, टायरची हवा दाखवणारा मीटर, दोन चार्जर. मी त्यांना आधी गाडी चालू करायला लावतो आणि बॅटरीला मल्टिमीटर जोडतो. हेडलाइट लागलेला, फोन चार्जिंगला लावलेला, गाडी स्लोवर, अशा वेळी काटा तेरा व्होल्टच्या खाली उतरत असेल तर त्या गाडीला आणखी बोजा झेपणार नाही. कॉईल जेवढी वीज बनवते तेवढीच वाटता येते. फॉग लाइट रात्री छान दिसतात, पण तिसऱ्या दिवशी सकाळी थंडीत सेल्फ मारत नाही तेव्हा त्याच पोराचा मला फोन येतो. म्हणून सव्वाशेच्या गाडीला मी एकच चार्जर बसवतो. बॅटरीच्या टोकापाशी पाच अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले, आणि रिलेची तार किल्लीवर. किल्ली काढली की चार्जर बंद. फ्यूज नको, तेवढेच पैसे वाचतील, असं म्हणणारे असतात. त्यांना मी नाही म्हणतो. तार हँडलच्या वळणात घासून उघडी पडली तर पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी पडते, आणि तिथे वाचवलेले पैसे कामाला येत नाहीत.

वेगळं यंत्र घ्यायचं की फोनच वापरायचा, यावर माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या पोराने फोनच वापरावा. ती यंत्रं मजबूत असतात, पावसात भिजतात तरी चालतात, हातमोजे घालून दाबता येतात, हे सगळं खरं. पण त्यांची किंमत ऐकली की त्यात टायरचा जोड आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट येऊन वर पैसे उरतात, हे मला दिसत असतं. लांबच्या प्रवासाला नवे टायर आधी. मात्र फोन एक नको, दोन हवेत. जुना, काच तडकलेला का असेना, एखादा फोन प्रत्येक घरात पडलेला असतो. त्यात नकाशे भरून तो हँडलवर लावायचा आणि रोजचा फोन खिशात ठेवायचा.

याला कारणं आहेत. हँडलच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली बारीक यंत्रणा बिघडू शकते. आयफोन बनवणाऱ्या अॅपल कंपनीनेच २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तसा इशारा दिला होता. होल्डरखाली रबरी डॅम्पर लावला की धोका कमी होतो, जात नाही. दुसरं कारण ऊन. याच कंपनीने तिच्या फोनला ३५ अंशांपर्यंतचं हवामान ठरवून दिलंय. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ नवीन नाही. भर दुपारी उन्हात, त्यात चार्जिंगला लावलेला, त्यात काळ्या पाऊचमध्ये कोंडलेला फोन तासाभरात तापून बंद पडतो. मी पोरांना सांगतो, उन्हाळ्यात पाऊच काढून टाका, चार्जिंग सकाळी आणि संध्याकाळी करा, दुपारी फोन खिशात आणि डोळे रस्त्यावर. कायद्याचंही असंच म्हणणं आहे. २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल झाला, त्यानुसार गाडी चालवताना हातातलं यंत्र फक्त वाट शोधण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित न होऊ देता. बोलणं, रील, गाणी शोधणं त्यात येत नाही.

आणखी एक यंत्र आहे, ज्याच्यापासून मी पोरांना हटकून लांब ठेवतो. उपग्रहावरून निरोप पाठवणारं, खिशात मावणारं. परदेशी प्रवाशांच्या व्हिडिओत ते दिसतं, आणि जिथे रेंज नाही तिथे हेच हवं असं पोरांना वाटतं. आपल्या देशात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईला याच कारणावरून पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. परदेशातून भावाने पाठवलं, बहिणीने आणलं, तरी नको.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. लायसन्स, आरसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण झेरॉक्स अंगावर हवी. मुंबईचा एक मराठी तरुण दुचाकीवर जगभर फिरत इंग्लंडला पोहोचला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला त्याची गाडी सामानासकट चोरीला गेली. त्यात पासपोर्टही गेला. तेव्हापासून मी म्हणतो, कागद गाडीवर ठेवू नका, कमरेला ठेवा.

आता वाटेचं.

फोनमधल्या नकाशाला रेंज लागते असा बऱ्याच जणांचा समज असतो. जागा कळायला रेंज लागत नाही. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सतत आपली वेळ सांगत असतात, फोन ती नुसती ऐकतो आणि चार उपग्रहांच्या वेळांमधल्या फरकावरून स्वतःची जागा काढतो. आता आपल्या इस्रोची नाविकही आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला.  रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला. ते घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवलं, की मेळघाटातही निळा ठिपका तुमच्याबरोबर चालतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी फुकट अॅपं आहेत, त्यात सगळा महाराष्ट्र फोनमध्ये भरून ठेवता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशेही २०१७ पासून ऑनलाइन फुकट मिळू लागले. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. वाशीम शहर जुन्या क्रमांकाप्रमाणे ५५ एच/४ या पानावर येतं. त्या पानावर ओढे, विहिरी, देवळं, टेकड्या सगळं आहे. मी ते पान छापून दुकानाच्या भिंतीला चिकटवलंय.

देशाचा नकाशा बनताना आपल्या विदर्भाने फार जवळून पाहिला आहे. कर्नल लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासहून देश मोजत निघाला. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून वाहत त्याची मोजणी वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिली. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला तो वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. नागपूरला जाणाऱ्या पोरांना मी सांगतो, जमलं तर हिंगणघाटकडून जा. ज्या कामासाठी एक माणूस आयुष्य घालवून वाटेत मेला, ते काम तुमच्या खिशातली नखाएवढी चिप सेकंदाला करते आहे.

आणि तरीही पोरं वाट चुकतात. मीही चुकलो आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाची गाडी शेतात बंद पडली म्हणून मी फोनवर गाव टाकून निघालो. नकाशाने दोन रस्ते दाखवले. एक डांबरी, चौदा किलोमीटर जास्तीचा. दुसरा जवळचा. मी जवळचा घेतला. तीन-चार किलोमीटर खडी, मग मुरूम, मग काळी माती. सकाळी पाऊस झालेला. ज्यांनी वऱ्हाडातली काळी माती ओली पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती बसत जाते, घट्ट होते आणि चाक फिरायचं थांबतं. मी काडीने माती काढायचो, वीस पावलं जायचो, पुन्हा काढायचो. शेवटी एक शेतकरी बांधावरून आला.

"भाऊ, हे पांदण हाये. पावसात इकून बंडी बी येत नाही. तुमाले कोनं सांगतलं इकून याले?"

मी फोन दाखवला. तो जरा वेळ फोनकडे बघत राहिला, मग मला म्हणाला, "त्याले इचारलं. मंग इथं खाली चार घरं लागली, तिथं काऊन नाही इचारलं?"

त्याने बैल आणून गाडी ओढून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. पांदण म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, हे विदर्भातल्या पोराला कळतं. उपग्रहाच्या चित्रावरून रेघ ओढणाऱ्याला ती रेघ आणि डांबरी रस्त्याची रेघ सारखीच दिसते. उपग्रहाला जागा कळते, नकाशाला नाव कळतं, पण आजचा दिवस दोघांनाही कळत नाही. आज पाऊस झाला, आज पूल पाण्याखाली आहे, आज पुढे खोदकाम आहे, हे फक्त रस्त्याला आणि रस्त्याजवळच्या माणसाला माहीत असतं.

आमच्या जिल्ह्यात हे ज्ञान फार जुनं आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं क्षेत्र. रेल्वे येण्याआधी लदेणीच्या बैलांवर धान्य आणि मीठ लादून याच समाजाचे तांडे देशभर जात होते. हजारो बैल घेऊन निघायचं तर कुठल्या मुक्कामाला पाणी आहे, कुठे चारा आहे, कुठली नदी कुठल्या महिन्यात उतरू देते, हे पाठ असावं लागत होतं. एक बंजारा गिऱ्हाईक मला म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्यांना गावांची नावं नव्हती सांगता येत, विहिरी सांगता यायच्या." मी तेव्हापासून पोरांना सांगतो, चहाच्या टपरीवर थांबा, उतरा, हेल्मेट काढा आणि पुढचा रस्ता विचारा. दिवसातून तीनदा. त्याला चार्जर लागत नाही.

मंत्रिमहोदय, आता आपल्या बाजूचं.

पहिली गोष्ट नावांची. वर्धा जिल्ह्यात कारंजा आहे आणि आमच्या जिल्ह्यात कारंजा आहे. लोक एकाला कारंजा घाडगे म्हणतात, दुसऱ्याला कारंजा लाड. मालेगाव नाशिकला आहे आणि मालेगाव आमचा तालुका आहे. शिरपूर धुळ्यात आहे आणि अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर आमच्याकडे आहे. आमचं मंगरूळपीर आहे, अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, मंगरूळ चव्हाळा आहे. केरळहून आमच्या कारंज्यातल्या गुरुमंदिराला, नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानाला निघालेली दोन माणसं नुसतं "कारंजा" टाकून वर्धा जिल्ह्यात पोहोचली होती, आणि तिथून उलटे फिरून रात्री माझ्या दुकानापाशी आली होती. फोनला पुरं नाव सांगायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. फाट्यावरच्या पाटीवर पुरं नाव असेल, देवनागरीत आणि रोमनमध्येही, तालुक्यासकट, तर चूक शंभर किलोमीटर आधी लक्षात येते. गावाचं पुरं नाव लिहायला रंग थोडाच जास्त लागतो.

दुसरी गोष्ट समृद्धी महामार्गाची. तो आमच्या जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथे त्याला चढायच्या-उतरायच्या जागा आहेत. ताशी १२० च्या वेगाच्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि मला ती मान्य आहे. शंभर सीसीच्या गाडीवर नवरा-बायको आणि मूल बसलेलं, आणि शेजारून १२० ने गाडी जाते, हे मला बघायचं नाही. पण फोन मोटारीच्या सेटिंगवर राहिला तर तो दुचाकीवाल्याला थेट इंटरचेंजवर नेऊन सोडतो. तिथून उलटं फिरवलेली पोरं शेलूबाजारच्या चौकात येऊन विचारतात, मग जायचं कुठून? मी प्रत्येकाच्या फोनमध्ये दुचाकीचं सेटिंग लावून देतो आणि टोल टाळा हा पर्यायही चालू करून देतो. आपल्याकडे मागणं एवढंच, की इंटरचेंजच्या बरंच आधी, जुन्या रस्त्यावरच, दुचाकीचं चित्र आणि बाण असलेली मोठी पाटी असावी. नागपूरहून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर असा जाणारा जुना रस्ता हाच आता दुचाकीचा महामार्ग आहे. मोटारी वर गेल्या, दुचाकी खाली राहिल्या. त्या खालच्या रस्त्याची निगा आधीपेक्षा जास्त हवी.

तिसरी गोष्ट दगडांची, आणि या पत्राचं खरं कारण तीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः कन्याकुमारीला जाऊन आलो. वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत १६१ क्रमांकाच्या महामार्गाने संगारेड्डी, तिथून हैदराबाद, आणि पुढे ४४ नंबरने अगदी टोकापर्यंत. मला तेलुगू येत नाही, तमिळ येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन तापून बंद पडला. मग मी दगड वाचत गेलो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं, जिल्हा रस्त्याचं काळं किंवा निळं, गावच्या रस्त्याचं नारिंगी. पिवळं डोकं दिसतंय तोवर मी बरोबर आहे. हिरवं दिसलं की कुठेतरी वळलो. आकडा कमी होतोय म्हणजे गाव जवळ येतंय. भाषा लागत नाही, बॅटरी लागत नाही, ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी फोनशिवाय चाललो आणि एकदाही चुकलो नाही.

घरी परतलो तेव्हा आमच्याच भागात मला दगड शोधावे लागले. रस्ते रुंद झाले, चांगले झाले, याचा मला आनंद आहे. माझ्या दुकानात रिम सरळ करायला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या ते त्यामुळेच. पण रुंदीकरणात कडेचा दगड निघतो आणि काम संपल्यावर तो परत लागतोच असं नाही. कुठे दगड उभा आहे पण त्यावर जुना क्रमांक. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले, सहाचा त्रेपन्न झाला, तरी आमचे ट्रकवाले अजून "सहा नंबर"च म्हणतात. दगडावर सहा, फोनवर त्रेपन्न, आणि बाहेरगावच्या पोराला वाटतं रस्ता चुकला.

दगड वाट दाखवण्यापुरता असता तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. गाडी पडते तेव्हा सगळ्यात आधी काय फुटतं, हे मी रोज बघतो. हँडल जमिनीला लागतं, म्हणजे हँडलवरचा फोन फुटतो. ज्या क्षणी जागा सांगायची खरी गरज असते त्याच क्षणी जागा सांगणारं यंत्र निकामी होतं. माझ्याकडे येऊन चार्जर बसवून गेलेला एक पोरगा रात्री साडेनऊला रानडुक्कर आडवं आल्याने पडला. पाय मोडला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने स्वतःच्या फोनवरून १०८ ला फोन लावला. पलीकडून विचारलं, नेमकं कुठे? त्याला गावाचं नाव सांगता येईना, तो त्या भागातला नव्हता. दोन्ही बाजूंना तूर, अंधार, पाटी नाही, दगड नाही. "रस्त्यावर, शेताजवळ," एवढंच तो सांगत राहिला. रुग्णवाहिकेने दोन फेऱ्या मारल्या तेव्हा ती जागा सापडली. पोरगा वाचला. पण तिथे एक दगड असता तर त्या माणसाने मोबाइलच्या उजेडात तो वाचला असता आणि सांगितलं असतं, अमुक रस्ता, अमुक किलोमीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत किलोमीटरच्या दगडाचा आकार, रंग, मजकूर सगळं ठरलेलं आहे. दोनशे मीटरच्या छोट्या दगडांचंही मानक आहे. नवं काही शोधायचं नाही. रुंदीकरणाच्या कामाचं शेवटचं बिल, दगड आणि पाट्या जागेवर लागल्याचे फोटो बघूनच निघावं, एवढा एक नियम आपण कडक केला तरी पुष्कळ होईल.

चौथी गोष्ट बंद पुलांची. २०२१ च्या जानेवारीत तेव्हाच्या नगर जिल्ह्यात कोतूळजवळ रात्री एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एक जण बुडाला. कळसूबाईला निघालेली ती माणसं फोनवरच्या वाटेने चालली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलाचा पुढचा भाग पुरात आधीच गेला होता, नकाशावर मात्र पूल होता. मोटार खाली कोसळून तिघे गेले. चूक कुणाची याचा निवाडा ज्यांचा त्यांनी करावा. मला त्यातून एकच दिसतं, की पूल बंद झाला ही बातमी नकाशापर्यंत जायला कुठलीही पक्की वाट नव्हती. आमच्याकडे पैनगंगा आहे, अडाण आहे, अरुणावती आहे, काटेपूर्णा आमच्याच जिल्ह्यात उगम पावते. बुटक्या पुलांवरून पाणी जाणं हे दर पावसाळ्याचं आहे. त्या दिवशी गावकऱ्यांना माहीत असतं, तहसीलला माहीत असतं, शाखा अभियंत्याला माहीत असतं. फक्त वाटसरूला माहीत नसतं.

केंद्राच्या ग्रामविकास खात्याने २०२२ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची सगळी नकाशा-माहिती सर्वांना खुली करून दिली. तशीच आपल्या खात्याने बंद रस्त्यांची आणि बंद पुलांची एक खुली यादी ठेवावी. अक्षांश-रेखांशासकट, रोज सकाळी ताजी, कुणालाही उचलता येईल अशी. पुढारलेल्या कंपन्यांची अॅपं ती उचलतील, आमच्या पोरांनी केलेली साधी अॅपंही उचलतील. पांदण रस्ते त्यात वेगळ्या खुणेने दाखवले तर फारच बरं. आणि ज्याच्याकडे फोनच नाही त्याच्यासाठी अडसर नदीच्या काठावर न लावता मागच्या फाट्यावर लावावा, जिथून दुसरा रस्ता घेता येतो. नदीच्या काठावर, अंधारात, पावसात, मागे बसलेलं माणूस "जाऊ दे, निघेल" म्हणत असताना, माणसाचा निर्णय चुकतो. फाट्यावर चुकत नाही.

हे सगळं लिहिताना समोर एक गाडी उभी आहे. रिसोडकडचा पोरगा पुढच्या आठवड्यात लेहला निघतोय. त्याला एक चार्जर, एक होल्डर, डॅम्पर, एवढंच बसवून दिलं. फॉग लाइट मी परत दुकानदाराकडे पाठवले, त्या पैशात त्याने मागचा टायर घेतला. जुन्या फोनमध्ये नकाशे उतरवले. टाकीवर चिकटपट्टीने एक कागद लावला, त्यावर रोजच्या मुक्कामाची गावं आणि रस्त्यांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहिले. आईचा नंबर आणि रक्तगट हेल्मेटच्या आत लिहिला. माझ्या हातात होतं तेवढं झालं.

आमच्या तालुक्यातल्या एका रस्त्यावर नाल्याच्या तोंडाशी एक दगड आडवा पडला आहे. हिरव्या डोक्याचा. अर्धा मातीत आहे, पण "मानोरा" एवढं अजून वाचता येतं, आकडा खालच्या बाजूला गेलाय. दोन माणसं, एक पहार आणि अर्धी गोणी सिमेंट, एवढ्यात तो उभा राहतो. पहार माझ्याकडे आहे, माणसं मी आणतो, सिमेंटही आणतो. पण तो सरकारचा दगड आहे आणि मोजून बरोबर जागी लावायचा तर आपल्या खात्याचा माणूस हवा. एक दिवस कुणाला तरी पाठवा. दुकान बंद ठेवून मी त्याच्याबरोबर येईन.

आपला,
मंगरूळपीरचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन
जिल्हा वाशीम